तिसरी सुनावणी

“मग चुकलं कुठं माझं, ते तरी सांगा!”

नाथानं मांडीवरची फाईल थोपटली. तो आता डॉक्टर कृष्णनाथ ढवण झाला होता, जमिनीखालच्या पाण्याचा मोठा जाणकार. पण अक्षरं गिरवली ती याच टेकडीवरच्या मठात, सोमगिरीबाबांपुढं बसून. बाबांसाठी तो अजून नाथाच होता.

बाबा वाती वळत होते.

“काय केलंस, ते आधी सांग.”

कारखान्याचं सांडपाणी नव्या यंत्रानं धुऊन खडकात खोल जिरवायचं होतं. वर सात गावांच्या विहिरी होत्या. लोकांना विचारल्याशिवाय असं काही करता येत नाही, तसा कायदाच आहे. विचारायचं काम नाथाकडं होतं.

“कायदा एक सुनावणी म्हणतो. मी तीन घेतल्या, बाबा. सोळा पानी पुस्तिका छापली, तीही मराठीत!”

“पहिलीला काय म्हणाले लोक?”

“नको म्हणाले. चारशे माणूस होतं. मी एकेकाला नकाशा दाखवून उत्तर दिलं.”

“दुसरीला?”

“तेच. पण निम्मेच आले. मीही सांगितलं, या शंका जुन्या आहेत, नवं काही असेल तर बोला.”

“दोन्हींच्या मधे कागदावर काय बदललं?”



“...तारीख.”

“आणखी?”

“मंडपात पंखे लावले.”

बाबांनी वात पुरी केली. दुसरी घेतली.

“तिसरीला अकरा जण होते,” नाथा म्हणाला. आवाजात पुन्हा जोर आला. “एकानंही हरकत घेतली नाही. शेवटी पटलं त्यांना.”

“कुणी काहीच बोललं नाही?”

“ठकूआजी तेवढी बोलली.”

“काय?”

“म्हणाली... अंगठा कुठं करायचा, तेवढं दाव लेकरा.”

बाबांचे हात थांबले.

नाथाला ते खटकलं. त्यानं फाईल उघडून पुढं केली. इतिवृत्तात शेवटची ओळ होती, ‘उपस्थितांची हरकत नाही.’ खाली सहीची जागा रिकामी होती. आज संध्याकाळपर्यंत सही व्हायची होती.

“चूक असेल तर दाखवा. एक अक्षर खोटं नाही यात.”

बाबांनी फाईल पाहिली नाही. ते उठून कठड्याशी गेले. खाली मेसाईच्या देवळापुढं हलगी वाजत होती. कुणाचा तरी नवस होता.

“ये. बघ.”

खाली माणसांच्या कोंडाळ्यात काळा बोकड उभा होता. फेटेवाल्या कारभाऱ्यानं त्याच्या पाठीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि हात जोडले.

“दे आई, कौल दे!”

रीत जुनी होती. बोकडानं अंग झाडलं, की कौल मिळाला. तोवर त्याला हात लावायचा नाही.

बोकड उभा राहिला. माणसांकडं बघत.

दुसरा तांब्या झाला. बोकडानं कान पाडले, बाकी काही नाही.

“अहो आटपा कारभारी,” एक बाई ओरडली. “मसाला वाटून झालाय, चुली कवाच्या पेटल्यात!”

“आई बोलल्याबिगर कसं आटपू? ज्येचा जीव, त्येला इचारायला नको?”

सगळे हसले. कारभाऱ्यानं तिसरा तांब्या भरून घेतला आणि नेमका कानात ओतला.

बोकडानं सर्वांग झाडलं.

“दिला! दिला!” हलगी कडाडली.

नाथाला हसू आवरेना.

“काय माणसं आहेत, बाबा! कानात पाणी गेल्यावर कोण अंग झाडणार नाही? आणि याला म्हणे होकार...”

...

हसू त्याचं त्यालाच ऐकू आलं. मग ते थांबलं.



खिशातला फोन वाजला. कार्यालयातला कारकून होता.

“सर, बोअरची गाडी घाट चढतीय. तेवढी सही...”

“थांबा जरा. मला पुन्हा एकदा लोकांशी बोलायचंय.”

“अहो, कशाला त्रास घेता? तुम्हाला नसेल जमत, तर मोठ्या साहेबांची सही चालते. मी विचारलंय.”

फोन बंद झाला. नाथानं फाईल मिटली. पुन्हा उघडली. पेन हातात तसंच राहिलं.

त्यानं पुन्हा खाली पाहिलं.

“बाबा... त्यानं अंग झाडलंच नसतं, तर सोडलं असतं ना त्याला?”

“रीत तशीच आहे.”

“असा सोडलेला एखादा पाहिलाय तुम्ही?”

खाली दुसरा बोकड आणून उभा केला होता. कारभारी रिकामा तांब्या भरून आणायला उताराला लागला.

“तिथं झरा आहे, नाथा,” बाबा म्हणाले. “तो आटलेला मी कधी पाहिला नाही.”