वाळलेली कणीक

एका राज्यात पखवाज शिकवणारा एक मांत्रिक राहत असे. नाव मर्दलनाथ. शिकवायचा तो एकेकट्याला, दार लावून. आत काय चालतं ते बाहेर कुणी विचारायचं नाही, अशी तिथली रीत. आग लागो त्या रीतीला!

राजपुत्र रत्नांगद त्याच्याकडे शिकायला गेला आणि वर्षाने निरोप आला की शिष्य कमी पडला, आता अंगणात दगड होऊन उभा आहे. राजाने मान खाली घातली. गुरूला जाब कसा विचारायचा, म्हणाला. राजकन्या केतकावतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुम्ही नका विचारू," ती म्हणाली. "मी विचारते."

मर्दलनाथाने तिला आपादमस्तक न्याहाळलं. तीन सेवा कर, मग शिकवीन, असं सांगितलं.

पहिली सेवा, नागांच्या शेतातले गहू आणायचे. नागाने फणा काढून वाट अडवली. केतकावती नुसती रागाने त्याच्याकडे बघत राहिली. नागाने मुकाट्याने वाट सोडली. दुसरी सेवा, घागरभर पाणी, पण त्या विहिरीला मोबदल्यात माणसाचं हसू लागे. घे म्हणाली, इथे हसायला येतंय कुणाला. तिसरी सेवा, गहू दळून कणीक मळायची. मांत्रिकाच्या जात्यात पिठाचे पुन्हा गहू होत. तिने खुंटा धरून जातं उलटं फिरवलं आणि पीठ पडलं.

कणीक मळून होते तो खांबावरची मैना बोलली. "राजकन्ये, ही कणीक तुझ्याच पखवाजाला लागेल. थाप मारशील आणि तुझ्या काळजाचा ठोका तिच्याखाली अडकेल. कणीक वाळली की तू दगड."

केतकावतीने खोलीत पाहिलं. भिंतीशी पखवाज मांडले होते आणि प्रत्येकाच्या डाव्या तोंडावर कणीक वाळून भेगाळली होती. अहो, पखवाजाला हात लावणाऱ्याला पहिल्या दिवशी काय सांगतात? डावीकडे ओली कणीक लावावी, म्हणजे आवाज भरतो, आणि वाजवून झालं की लगेच खरवडून काढावी. इतके शिष्य या खोलीत बसले, सगळ्यांनी ती वाळलेली कणीक पाहिली. पण गुरूच्या घरी चूक कशी असेल, म्हणून एकानेही तोंड उघडलं नाही. चीड येते, खरंच सांगतो.

मर्दलनाथ आत आला, दार लावून बसला.

"ही कणीक का काढली नाही?" केतकावतीने विचारलं.

"शिष्याने प्रश्न विचारू नये."

"मग मीच काढते."

मैनेने रत्नांगदाचा पखवाज दाखवला. केतकावतीने नखांनी कणीक खरवडली. नखं तुटली, रक्त आलं, तरी थांबली नाही. ताजी कणीक लावून तिने थाप मारली आणि लगेच ती काढून घेतली. अंगणात रत्नांगदाने श्वास घेतला. मग दुसरा पखवाज, मग तिसरा. एकेक दगड माणूस होत गेला. मैना तर सर्वांत जुनी शिष्या, तिला मर्दलनाथाने दगडाऐवजी पक्षी करून ठेवलं होतं; तीही बाई होऊन खांबावरून उतरली. चोरलेल्या ठोक्यांवर जगणारा मर्दलनाथ मात्र थापेगणिक म्हातारा होत गेला आणि शेवटी त्याला बसल्या जागेवरून उठवेना.

रत्नांगद दार ढकलून आत आला. आणि काय करावं त्याने? सवयीने मर्दलनाथाच्या पायांशी वाकला.

केतकावतीने त्याचा दंड धरला. "ऊठ. यानेच तुला दगड केलं."

"गुरू आहेत, ताई."

"म्हणूनच जास्त राग येतो मला."

रत्नांगदाने पायांकडे नेलेले हात मागे घेतले. मग उठला, आणि बाकीच्या शिष्यांना हाताशी घेऊन त्याने त्या खोलीचं दार बिजागरीतून काढलं. त्या राज्यात पखवाज आजही एकेकट्याला शिकवतात, पण शिकवायच्या खोलीला दार नसतं.

वाटेत विहिरीने केतकावतीचं हसू परत दिलं. तिने ते पदराला बांधून ठेवलं. आधी घरी जाऊन तिला बापाशी बोलायचं होतं.