खोचीकर मास्तरांची चाल

“...ते सगळं खरं, पण मला पूर्वीसारखं कधी चालता येणार, तेवढं सांगा.”

नदीकाठच्या मठाच्या ओसरीवर बसून बुवा स्वतःचेच गुडघे चोळत होते. ऐंशीच्या घरातल्या गुडघ्यांना उत्तरांची घाई नसते.

विचारणारे खोचीकर मास्तर. हायस्कुलात कवायत शिकवून निवृत्त झालेले. गेल्या वर्षी लकवा आला आणि डावं अंग गेलं. त्यातलं निम्मंशिम्मं परत आलं. दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या मिरवणुकीत दरवर्षी निशाण घेऊन मास्तर पुढे चालत. यंदा पंचांनी आदराने कळवलं होतं, की मास्तरांसाठी खुर्ची ठेवू. आदराने कळवलेल्या गोष्टीवर भांडताही येत नाही.

मास्तरांनी गाऱ्हाणं पुन्हा सांगितलं. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना चालवून पाहिलं होतं. म्हणाल्या, पावलं सारखी पडत नाहीत. एक लांब, एक आखूड. एक घाईचं, एक उशिराचं. आणि पायाबरोबर हलायचा तो डावा हात रुसलेल्या जावयासारखा छातीशी बसून राहतो. उजवं अंग अजून हुकमात आहे, मास्तर म्हणाले, डावं तेवढं फितूर झालंय. काठी मात्र घेणार नाही. कवायतीच्या मास्तराने काठी टेकायची नसते.

“माझ्या दोन पावलांत सुताचाही फरक नसे, बुवा.”

“कोणी पाहिलंय?”

“म्हणजे?”

“तुमचं चालणं. तुम्हाला स्वतःला तर दिसत नसणार.”

मास्तर विचारात पडले. मुलांची नजर नाकासमोर असे. हुकूमच तसा होता. मिरवणुकीत गाव निशाणाकडे बघत असे...

खांबाला टेकून मास्तरांच्या पत्नी मथुराबाई बसल्या होत्या. लग्न झाल्यापासून त्या मास्तरांच्या चार पावलं मागून चालत आल्या होत्या. बाजाराला, देवळाला, लग्नकार्याला. लकव्यानंतर डावा दंड धरायला म्हणून शेजारी आल्या, आणि ते मास्तरांना लकव्यापेक्षा जास्त लागलं होतं. आता त्या डोळे मिटून पदराने वारा घेत होत्या. वर्षभराची झोप एका दुपारी वसूल होत नाही, तरी माणूस प्रयत्न करतं.

“बाई,” बुवा म्हणाले, “पूर्वी कसे चालायचे हो हे?”

मथुराबाईंनी डोळे उघडले.

“सारखं कुठलं? घरून निघताना ताठ. चौकाच्या पुढे डावा खांदा पडायचा. रागात असले की उजवा पाय आपटायचे. हेडमास्तर समोरून आले की पाऊल आखडायचं. सासूबाई गेल्या त्या साली तर नुसते फरफटत होते.” त्यांनी पदर सावरला. “त्यावरनंच कळायचं मला, आज बोलायचं का गप बसायचं.”

“हे तू कधी सांगितलं नाहीस.”

“तुम्ही कधी मागे वळून बघितलंत?”

मास्तरांनी घाटाकडे पाहिलं. तिथे कुणीतरी धुणं आपटत होतं, दमलेल्या हाताने, कसंतरी.

“ते राहू द्या,” मास्तर अखेर म्हणाले. “दसऱ्याला मी पुढे चालेन का नाही?”

“बाईंची चाल कशी आहे?”

मास्तरांनी तोंड उघडलं...

मिटलं.

सगळ्या शाळेची चाल त्यांना पाठ होती. कोण टाच घासतो, कोण हात उशिरा उचलतो, नावानिशी सांगितलं असतं.

ऊन उतरलं होतं. एसटी चुकेल म्हणून मथुराबाई उठल्या आणि सवयीने दंड धरायला पुढे आल्या. बुवांनी हात आडवा केला. भिंतीशी उभी असलेली आपली काठी घेतली, आणि मास्तरांच्या उजव्या हातात दिली.

मास्तर काठीकडे बघत राहिले... परत केली नाही.

“बाई, तुम्ही पुढे व्हा,” बुवा म्हणाले. “मास्तर, तुम्ही मागून या.”