भरली म्हणावं, बुडाली म्हणू नये

एका संस्थानाच्या राजवाड्यात, देवडीवर, निंबाजी नावाचा घटिकावाला बसत असे. त्याचं काम सांगायला सोपं आणि करायला कठीण. समोर पाण्याने भरलेलं घंगाळ. त्यात तांब्याचं एक पात्र तरंगत असे. पात्राच्या बुडाला सुईच्या अग्राएवढं भोक. त्यातून पाणी हळूहळू वर चढे, पात्र भरे आणि तळाशी जाई. तेवढ्या वेळात एक घटका होई. निंबाजी ते पात्र उचलून रितं करी, पुन्हा पाण्यावर ठेवी, आणि काशाच्या थाळीवर टोला देऊन ओरडे, "घटका भरली!"

पात्र खरं तर बुडायचं. पण देवडीवरचा जुना दंडक असा की, भरली म्हणावं, बुडाली म्हणू नये. बुडाली म्हणणं अशुभ. निंबाजीच्या आजाने हा दंडक पाळला, बापाने पाळला आणि निंबाजीने तीस वर्षं पाळला. त्या तीस वर्षांत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत त्याची नजर पाण्यावरून हलली नाही. माशी नाकावर बसली तर बसू देई. नगरातल्या लोकांच्या चुली त्याच्या टोल्यावर पेटत आणि कचेऱ्या त्याच्या टोल्यावर सुटत.

एके दिवशी राजाने परदेशातून एक मोठं घड्याळ आणवलं. ते मनोऱ्यावर चढलं आणि आपल्याआपण टोले देऊ लागलं. राजा वाईट नव्हता. त्याने निंबाजीला बोलावून शेला आणि श्रीफळ दिलं, पात्र आठवण म्हणून घरी न्यायला सांगितलं, आणि उद्यापासून यायचं कारण नाही हे खाली बघत सांगितलं. रातपाळीचा म्हातारा घटिकावाला तर खूश झाला. आता रात्रीचं झोपायला मिळेल म्हणाला. पण निंबाजी अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. घरी बायको होती, तीन लेकरं होती, आणि देवडीवरून येणाऱ्या शिध्यावर चूल पेटत होती. लोक हळहळले. चावडीवर, पाणवठ्यावर एकच बोलणं, "निंबाजी बुडाला." त्याच्या कानावर आलं की तो सवयीने दुरुस्त करी, "भरली म्हणावं."

तुम्हाला वाटेल, आता घड्याळ बंद पडणार आणि राजा धावत निंबाजीकडे येणार. तसं काही झालं नाही. घड्याळ उत्तम होतं. ते आजही चालत असेल.

निंबाजी घराच्या ओट्यावर बसून राहिला. शेजारचे सल्ला देत होते. दुसऱ्या संस्थानात जा म्हणावं, तर तिथेही घड्याळं आली होती. लग्नाच्या मुहूर्ताला पात्र घेऊन बसावं, तर लग्नं चार महिने आणि पोट बारा महिने. आठव्या दिवशी त्याची बायको साळू भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "तुमास्नी बगत बसाय येतंय. जगात बगत बसायचं दुसरं काम कुटलं हाय, त्ये शोधा की."

साळूने हे रागाने म्हटलं होतं की विचाराने, ते तिलाच ठाऊक. निंबाजीला मात्र ते पटलं. नदीपलीकडे उसाची गुऱ्हाळं लागली होती. गुऱ्हाळात काहील म्हणजे भलीमोठी कढई असते. तीत उसाचा रस उकळतो. तो नेमका कधी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो. लवकर उतरवला तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. म्हणजे गुळव्याचं काम काहिलीकडे बघत बसण्याचंच. निंबाजी उठला, पात्र काखेत मारलं आणि गुऱ्हाळावर गेला.

तिथला गुळव्या सिदाप्पा जेमतेम पंचविशीचा, पण हाताला यश असलेला. देवडीवरचा घटिकावाला आपल्याकडे काम मागतो याचाच त्याला संकोच वाटला. त्याने निंबाजीला जवळ बसवून घेतलं आणि सांगितलं की रसाचा वास घ्या, बुडबुडे बघा, पाकाची गोळी पाण्यात टाकून तिचा आवाज ऐका. निंबाजीने मान डोलवली. आणि शेजारी बादली भरून तीत आपलं पात्र सोडलं.

पंधरा दिवस त्याने रोज पात्रं मोजली. काहील चढवल्यापासून उतरवेपर्यंत दर वेळी सात पात्रं भरत. एकदाही फरक नाही. निंबाजीला हसू आलं. सिदाप्पाला जे शिकायला दहा वर्षं लागली, ते आपण पंधरा दिवसांत पात्रात धरलं, असं तो साळूला सांगत आला. त्या पंधरा दिवसांत नदीकाठच्या एकाच मळ्याचा ऊस गाळला जात होता, हे निंबाजीने ध्यानात घेतलं नव्हतं.

सोळाव्या दिवशी सिदाप्पाला बहिणीच्या गावी जत्रेला जायचं होतं. निंबाजी म्हणाला, खुशाल जा, मी बघतो. त्या दिवशी ऊस आला आक्काताईचा. ही म्हातारी टेकडीवर एकटी राहायची. तिचं रान मुरमाड, पाणी कमी, ऊस बोटभर जाडीचा. रस थोडा, पण घट्ट आणि गोड. वर्षाकाठी तिची एकच काहील निघे, आणि लेकीसुनांकडे, नातवंडांकडे तिचा गूळ जाई.

काहील चढली. पात्र तरंगू लागलं. वारा सुटला होता, काहिलीखालचं चुलवाण धडधडत होतं. पाच पात्रं भरून सहावं अर्ध्यावर आलं, तेव्हा चुलवाणात जाळ घालणारा दौलू नाक वर करून म्हणाला, "मामा, वास बदलला."

"अजून दीड पात्र हाय," निंबाजी म्हणाला. त्याची नजर बादलीत होती.

"मामा, रंग बगा की."

"पात्र खोटं बोलत न्हाई, दौलू."

पात्र खोटं बोलत नव्हतंच. ते फक्त गुळाबद्दल बोलत नव्हतं. सातवं पात्र भरलं तेव्हा निंबाजीने मोठ्या ऐटीत काहील उतरवायला सांगितली. आत काळाकुट्ट, कडू गोळा झाला होता. आक्काताईने एक तुकडा मोडून जिभेवर ठेवला, बाहेर काढला आणि पदराच्या टोकात बांधून ठेवला. शिवी दिली असती तर निंबाजीला बरं वाटलं असतं.

तिन्हीसांजेला सिदाप्पा परतला. निंबाजीला सुटकेची वाट सापडत होती. ऊस वेगळा होता म्हणता आलं असतं. जाळ जास्त झाला म्हणून दौलूवर ढकलता आलं असतं, आणि देवडीवरच्या माणसाचा शब्द कुणी मोडला नसता. निंबाजी सगळ्यांसमोर उभा राहिला.

"दौलूनं दोनदा सांगितलं," तो म्हणाला. "मी पात्रात बगत हुतो. काहिलीत बगितलंच न्हाई."

एवढं बोलून तो घरी गेला. नगरात बातमी त्याच्या आधी पोचली होती. आता मात्र निंबाजी खरोखर बुडाला, असं लोक म्हणू लागले. त्या संध्याकाळी त्याला जेवण गेलं नाही. हात रिकामे राहवेनात म्हणून त्याने परातीत पाणी घेतलं आणि पात्र सोडलं. पात्र भरलं, तळाशी गेलं. त्याने सवयीने उचललं, रितं केलं आणि पुन्हा ठेवणार, तोच त्याचा हात थांबला. त्याला एक गोष्ट उमगली. काय, ते त्याने पुढे एकदाच बोलून दाखवलं, तेव्हा कळेलच. सकाळी उठून त्याने ते पात्र फळीवर पालथं ठेवलं आणि मोकळ्या हातांनी गुऱ्हाळावर गेला.

सिदाप्पाला वाटलं, हिशेब मिटवून निरोप घ्यायला आला असेल. निंबाजी म्हणाला, मला जाळावर घे. दौलूच्या हाताखाली. जाळावर बसणं म्हणजे गुऱ्हाळातलं सगळ्यात खालचं काम. धुरात बसून दिवसभर चिपाडं ढकलायची. ज्याच्या टोल्यावर कचेऱ्या सुटत, तो माणूस दौलूला विचारू लागला की जाळ कधी वाढवायचा आणि कधी ओढायचा. देवडीवरचे जुने ओळखीचे मुद्दाम बघायला येत आणि जाता जाता विचारत, "काय निंबाजी, किती घटका झाल्या?" तो डोळे पुसून म्हणे, "मोजल्या न्हाईत." त्या हंगामात त्याच्या वाट्याचा गूळ टेकडीवर आक्काताईकडे गेला. तो स्वतः डोक्यावर घेऊन गेला. खरं सांगायचं तर, मला या माणसाचं कौतुक वाटतं ते इथे. देवडीवर तीस वर्षं बसणं मोठंच, पण अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दौलूच्या शेजारी बसणं त्याहून मोठं.

पहिलं वर्ष जाळावर गेलं. दुसऱ्या वर्षी तो रसावरची मळी काढू लागला. तिसऱ्या वर्षी सिदाप्पाने त्याच्या हातात पाक बघायचं उलथणं दिलं. आणि मग एक गंमत दिसली. सिदाप्पा हुशार खरा, पण तरुण. बोलता बोलता त्याची नजर इकडेतिकडे जाई. निंबाजीची हलत नसे. पाण्याकडे बघून तयार झालेले डोळे आता पाकाकडे बघत होते. बुडबुडा मोठा केव्हा होतो, लहान केव्हा होतो, मधाचा वास आणि जळकेपणा यांच्यामध्ये केवढीशी जागा असते, हे त्याला दिसू लागलं. कधी पाच पात्रांइतका वेळ लागे, कधी आठ. ज्याचा त्याचा ऊस.

पाचव्या वर्षी ऐन हंगामात सिदाप्पा तापाने आडवा झाला, आणि त्याच दिवशी आक्काताईची गाडी दारात आली. गुऱ्हाळातल्या लोकांनी तिला सुचवलं की दोन दिवस थांब, सिदाप्पा उठू दे. ऊस तोडलेला होता, थांबून वाळला असता. म्हातारीने निंबाजीला नीट न्याहाळलं.

"ह्यानं माजा गूळ येकदा करपवलाय," ती म्हणाली. "त्ये ह्यो इसरला नसंल. ह्यालाच करू द्या."

काहील चढली. तो जागचा हलला नाही. सगळ्यांना वाटत होतं की अजून अवकाश आहे, तेव्हा त्याने एकदम हात वर केला. काहील उतरली. वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या हौद्यात, ओतलेला पाक निवला आणि केतकीच्या रंगाची ढेप बसली. आक्काताईने तुकडा तोंडात टाकला. या खेपेला तो बाहेर आला नाही.

त्या ढेपेतला एक खडा फिरत फिरत राजाच्या ताटात गेला. राजाने चौकशी केली, नाव ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच गुऱ्हाळावर आला. राजा येणार हे ऐकून आक्काताईही टेकडी उतरून आली होती. चार वर्षं त्याच्या मनात एक टोचणी होती. ती त्याने बोलून टाकली, "निंबाजी, आम्ही तुमची घटका बुडवली."

निंबाजीने हात जोडले. "बुडाली न्हाई, म्हाराज. भरली हुती. भरल्यालं पात्र तसंच पाण्यावर ठेवलं तर तळालाच जातं. रितं करून ठेवलं तरच तरंगतंय. म्या तीस वरसं पात्र रितं केलं, सोताला करायचं राहिलं हुतं. भरल्यालाच हितं आलो. रितं व्हायला मला येक काहील करपवावी लागली."

"माजी," आक्काताई मागून म्हणाली, आणि पदराची गाठ सोडून जपून ठेवलेला चार वर्षांपूर्वीचा काळा तुकडा तिने निंबाजीच्या हातावर ठेवला. निंबाजीने तो कपाळाला लावला.

तात्पर्य: हातचं काम सुटलं म्हणून माणूस बुडत नाही, नव्या कामाला जाताना जुन्या कामाने दिलेली नजर बरोबर न्यावी आणि जुन्या कामाचा ताठा मात्र घरी रिता करून जावा.