गेनूआबाची तिसरी पंगत

फार मागची गोष्ट, मांजराला अजून मिशा फुटायच्या होत्या तेव्हाची. बांधातल्या उंदरांत एक रीत होती. उंदीर दोन वर्षांचा म्हातारा झाला, की त्याला निरोपाची पंगत घालायची आणि त्याची झोपायची जागा पिल्लांना द्यायची. म्हातारा पोटभर जेवायचा आणि चार दिवसांत डोळे मिटायचा.

त्या साली शेजारच्या म्हाताऱ्या घुशीला आयुष्य वाढवणारी कसलीशी मुळी सापडली, अन् तिनं बिळातल्या म्हाताऱ्यांना ती वाटली. ती चघळून गेनूआबा पंगत जेवला आणि पाचव्या दिवशी टुणकन उठला. बिळानं दुसरी पंगत घातली, आबा परत उठला. तिसऱ्या पंगतीला कोठाराचा तळ दिसाय लागला, अन् सुगीला अजून दोन महिने होते.

"आबा, राग मानू नका," मुखिया ठकूनाना म्हणाला, "पण तुमचं नक्की कधी?"

"मला तरी काय ठाऊक, बाबा."

आबानं हातातला घास पानात ठेवला. निजायला जागा नाही, रात्रभर दारातल्या वाऱ्यात कुडकुडायचं, अन् वर पोरांच्या तोंडचं खायचं. तो पानावरनं उठला.

"नाना, तुम्ही सारखं जेवायला बसवता, मग मी दुसरं काय करणार? वाढायला उभं करा की."

पुढची पंगत चिमाबाईची होती. आबानं तिच्या पानात मोजून चार दाणे टाकले.

"एवढंच? माझी निरोपाची पंगत हाय ना, मेल्या?"

"मुळी चघळलीस ना? मग हलक्या पोटानं ऊठ, चिमे," आबा म्हणाला. "उद्या आपल्याला नवं बीळ उकरायचंय."