सात गोल आणि एक कप

"रविवारी शेवटचा सामना. कप आणलात तर मैदान तुमचं, नाहीतर सोमवारी तिथं लग्नाचं लॉन!" संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब इंगवले गरजले. "आणि कप विकतचा नको, उसना नको!"

हिरेवाडी कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघाचा हा पहिलाच हंगाम. नऊ सामने, नऊ पराभव! दहावा सामना थेट लीगमधल्या अव्वल संघाशी. गोलकीपर केतकी गुरव तर रेफ्रीची शिट्टी वाजली तरी दचकायची, आणि बॉल आला की डोळे मिटायची.

"कप कसला, आपल्याला चहासुद्धा कुणी पाजणार नाही!" कॅप्टन रुक्साना म्हणाली.

केतकीला भीतीनं झोप येईना. भित्र्या माणसाला नियम फार प्रिय! स्पर्धेचं जे माहितीपत्रक बाकीच्यांनी वारा घ्यायला वापरलं, ते तिनं तिसऱ्यांदा वाचलं आणि ताडकन उठून बसली.

रविवारी तिनं सगळ्यांना बजावलं, "आज एकच डावपेच. कुणी ढकललं तर सॉरी म्हणायचं!"

"ढकललं त्यांनी, सॉरी आपण?" रुक्साना भडकली.

"हो! मैदान पाहिजे ना?"

मग काय! समोरच्या मुलीनं कोपर मारलं. रुक्सानानं मूठ वळली.

"सॉरी म्हण गं!" गोलमधून केतकी किंचाळली.

"सॉरी, ताई!" रुक्साना दात-ओठ खात म्हणाली. तेवढ्यात केतकीच्या मागं गोल झाला. असे सात झाले.

सोमवारी आबासाहेबांच्या टेबलावर कप!

"सात गोल खाल्लेत ना? मग हा चोरला कुठून?"

"स्टेजवरून, साहेब. टाळ्यांच्या गजरात!" केतकीनं कप त्यांच्यापुढं सरकवला.

आबासाहेबांनी चष्मा लावून कपावरची अक्षरं वाचली, 'सर्वांत शिस्तबद्ध संघ'. "अख्ख्या हंगामात रेफ्रीचं एकही पिवळं-लाल कार्ड नाही? एवढ्या साध्वी कधीपासून झालात?"

"साध्वी कसल्या, साहेब! फाऊल करायला आधी बॉलवालीजवळ पोचावं लागतं. आम्ही पोचेपर्यंत गोल होऊन ती टाळ्या घेत असते!"

आबासाहेब इतके हसले की चष्मा टेबलावर पडला. केतकी दचकलीच!

"लॉन रद्द! मैदान तुमचं," ते डोळे पुसत म्हणाले, "आणि उद्यापासून कोच माझ्याकडून. पुढच्या वर्षी निदान एक फाऊल करण्याइतकं तरी पळा!"