गाडीतला दोर

फार पूर्वी, विलायतेतल्या राणीचा हुकूम आपल्या खेड्यापाड्यांत चालायचा तेव्हा, एका गावात एक विणकर आणि एक पाथरवट राहत होते. गिरणीचं कापड स्वस्त झालं नि विणकराच्या लुगड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. पाथरवटाचं दुखणं वेगळंच. जातं एकदा घेतलं की तीन पिढ्या दळतं, आणि गावात जातं नसलेलं घर आता शोधून सापडेना! शेवटी दोघांनीही शहरात बिऱ्हाड हलवायचं ठरवलं.

आगगाडी नवी नवी सुरू झाली होती, पण ती जायची घाटाच्या पलीकडून. शिवाय माग आणि दगड घेऊन तिच्यात चढू कोण देणार? मग दोन घरांनी मिळून एक बैलगाडी ठरवली. सामान गाडीत आणि माणसं पायी, अशीच तेव्हा रीत होती.

विणकरीण मोठी करारी. तिने गाडीच्या मधोमध आडवा दोर बांधला.

"पुढची निम्मी आमची, मागची तुमची. दोराच्या अलीकडे तुमचा खडासुद्धा नको."

तिचंही अगदीच खोटं नव्हतं हो. मागाची फणी बारीक काड्यांची. एक दगड घरंगळला की चुराच. फणी गेली तर शहरात विणायचं काय, कपाळ?

पुढे मागाची लाकडं, सूत, गोधड्या. मागे जाती, पाटे, वरवंटे, घण. म्हाताऱ्या गाडीवानाने मान हलवली. "माय, घाटात हा दोर नडणार."

"तू आपले बैल हाक!"

पाथरवटाच्या सुनेला, ठकूला, आठवा महिना लागला होता. दोन कोस चालून तिचे पाय सुजले. तिची सासू म्हणाली, "बाई, पोरीला तुमच्या गोधड्यांवर जरा टेकू द्या. आमच्याकडे नुसते दगड."

"आज टेकेल, उद्या पसरेल," विणकरीण म्हणाली. ठकू बिचारी पदर खोचून तशीच चालत राहिली.

घाट लागला. चढावर मागचं ओझं आणखी मागे ओढू लागलं, गाडीचं तोंड वर झालं आणि जू बैलांच्या मानेवरून उचललं गेलं. गळ्यातले पट्टे आवळले, बैल घुसमटले, आणि गाडी मागे घसरत दरीकडे निघाली!

"ओझं पुढे घ्या! नाहीतर सगळंच गेलं!" गाडीवान ओरडला.

पुढे घ्यायचं म्हणजे दोर ओलांडायचा. पाथरवट घुटमळला. सगळे विणकरणीकडे बघू लागले. तेवढ्यात ठकू वाकली आणि तिने गाडीतून रस्त्यावर पडलेला आपल्या घरचा वरवंटा चाकाखाली सारला. गाडी थांबली.

विणकरणीने बैलांचे वटारलेले डोळे पाहिले. धापा टाकणाऱ्या ठकूला पाहिलं. तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने दोराची गाठ सोडली.

"बघत काय बसलात? आणा ते दगड पुढे!" मग फणी उचलून ती ठकूला म्हणाली, "आणि तूही चढ. गाडीला पुढे वजन हवंय, आणि मला ही फणी धरायला माणूस हवंय. सांभाळशील ना, बाळ?"

"जिवापलीकडे," ठकू म्हणाली.

जू पुन्हा मानेवर बसलं. बैलांनी घाट चढला. उतारावर बैलांच्या मानेवर भार येऊ नये म्हणून दगड पुन्हा मागे न्यायचे होते. ते पाथरवटाने कुणी सांगायच्या आधीच नेले. घाट संपेपर्यंत वरवंटे गोधडीत नि सुताच्या लडी जात्याच्या तोंडात, असा सगळा गोंधळ झाला होता. फणीची मात्र एकही काडी मोडली नव्हती.

शहरात दोन्ही घरांना शेजारीशेजारी खोल्या मिळाल्या. पुढच्याच महिन्यात ठकूला मुलगी झाली. पाळणा टांगायला दोर मिळेना. तेव्हा विणकरीण स्वतःच गाडीतला तो दोर घेऊन आली, सोबत नवं विणलेलं दुपटं.

"घ्या. मजबूत आहे. मीच निवडला होता!"

ठकूची सासू पोट धरून हसली. "मग बांधा की, बाई! बांधा मधोमध!"

तात्पर्य: एका गाडीत निम्मी गाडी कुणाचीच नसते, चढली तर अख्खी चढते, घसरली तर अख्खी घसरते.