खरवडलेल्या जागेचा प्रश्न

डोंगरातल्या विहाराच्या दारावर पहिलं दान देणाऱ्या सामा माळणीचं नाव कोरलेलं होतं. अमात्य रुद्रघोषाला ते खुपलं. "ते खरवडा आणि तिथंच माझं कोरा!" त्यानं हुकूम सोडला. दाराशी फुलं ठेवायला आलेली म्हातारी सामा रडू लागली. पाथरवटानं नाइलाजानं छिन्नी उचलली.

लेणं पाहायला आलेला सोपाऱ्याचा नंदिनक भारी चौकस. तो म्हणाला, "महाराज, खरवडलं की दगडात खळगा राहतोच. माझ्यासारखा प्रत्येक प्रवासी विचारणार, 'इथं आधी कुणाचं नाव होतं?' मग तुमच्या नावाखाली रोज सामाचीच गोष्ट रंगेल!"

"राहू दे," अमात्य पुटपुटला आणि तडक डोंगर उतरला.

पाथरवटानं सुटकेचा निःश्वास टाकला. सामा डोळे पुसत हसली, "लेकरा, तू आणखी काही विचारशील म्हणून पळाला बघ!"